सेहेचाळीस मीटरवरचा खड्डा

९ तारीख, सोमवार

चि. खुडबुड्या,

आशीर्वाद. तेवढा तुझा हक्क आहे म्हणून लिहिला. बाकी या पत्रात गोड काही नाही, शोधत बसू नकोस.

सहा वर्षं मी तुला ओळ लिहिली नाही, तू मला लिहिली नाहीस. फिटंफाट. आज लिहिते आहे ती काही तुझी आठवण येऊन नव्हे. तुझे आजोबा अर्धवट टाकून गेले तो रेडिओ अजून माझ्या जेवणाच्या टेबलावर बसलाय. मला ताट ठेवायला कोपरा उरलेला नाही. एक तर तो फेकायचा, नाही तर पुरा करायचा. फेकायचा तर उचलू लागणार कोण? म्हणून पुरा करते.

काल तुझी आई आली. माझी लेक असून तिला सरळ बोलता येत नाही. आधी भांडी आवरली, मग पडदा नीट केला, मग म्हणाली, "आई, त्याचा आवाज आता तीन आठवडेच."

मी म्हटलं, "का? घसा बसला?"

तर म्हणे तुझ्या बेटावरच्या हवामान केंद्रात बोलणारं यंत्र बसतंय. पहिल्या तारखेपासून बोटवाल्यांना वाऱ्यापाण्याची बातमी यंत्र देणार आणि तू यंत्राची झाडपूस करणार. तीस तारखेला संध्याकाळी पावणेसहाला तुझं शेवटचं बुलेटिन. मला काय त्याचं? मी बोट चालवत नाही. पण ती जाताना कपाटावर एक चिठ्ठी ठेवून गेली. तुझ्या अक्षरात लिहिलेलं, "शॉर्ट वेव्ह, सेहेचाळीस मीटर." हल्लीच्या रेडिओंना शॉर्ट वेव्हच नसते. आजोबांच्या सेटला आहे.

पाच व्हॉल्व्ह आहेत. ट्रान्सफॉर्मर आहे. सहाच्या सहा कॉइली मी माझ्या हाताने गुंडाळलेल्या आहेत. शाळेत मी दुसरीपर्यंतच गेले, पण वेढे मोजण्यात तुझ्या आजोबांची चूक मी काढायची. नाही तो फक्त बँड स्विच. तो कुठे गेला ते तुला माहीत. पांढऱ्या चिनी मातीच्या चकत्यांचा, दोन वर्षं शोधून त्यांनी मिळवलेला. ज्या घरात वाढलास त्या घरातून तो नेलास. मी तेव्हा बोलले, तेच आज बोलते. दुसरा मिळतो का बघते.

हे पत्र बोटीच्या पिशवीत टाकायचं की चुलीत, ते मागाहून ठरवीन.

आजी


१३ तारीख, शुक्रवार

चि. खुडबुड्या,

भिंगवाल्याकडे जाऊन आले. जुन्या पार्टांचं त्याचं दुकान अजून आहे आणि कपाळावरचं ते भिंगही आहे. मला बघून म्हणाला, "आजी! तुम्ही अजून आहात?"

म्हटलं, "तुझं दुकान बुडालेलं बघायला थांबलेय."

तुझी आई बरोबर होती. तिला काय कळतंय? म्हणते, "स्विच म्हणजे बटणच ना? कुठलंही लाव." मी तिला दुकानातच शिकवलं. म्हटलं, बाई गं, हे दिवा लावायचं बटण नव्हे. आपल्या सेटला तीन पट्टे आहेत. एक मिडियम, दोन शॉर्ट. प्रत्येक पट्ट्याच्या कॉइली वेगळ्या. दांडा फिरवला की एका पट्ट्याच्या कॉइली सुटायच्या आणि दुसऱ्याच्या लागायच्या, सगळं एका खटक्यात. एक पाय जरी नीट टेकला नाही तरी सेट मुका. भिंगवाला म्हणाला, "आजींना गल्ल्यावर बसवतो." मी म्हटलं, "गल्ल्यात काही असेल तर बसव."

त्याने तीन स्विच पुढे ठेवले. पहिला नवा, प्लास्टिकचा. पाय डासाचे. फिरवला तर खेळण्यातल्या बेडकासारखा टकटक वाजला. तो बाजूला सारला. दुसरा कुठल्या तरी लष्करी सेटमधून काढलेला, अकरा घरांचा, वजन वरवंट्याचं. दांडा फिरवायला दोन हात लागले. तो लावला तर रेडिओ लावायला पैलवान ठेवावा लागेल. तिसरा जुन्या घरगुती सेटचा. तपकिरी चकत्या बिस्किटासारख्या, खटका जरा मऊ, पण चांदीचे पाय शाबूत. डोळे मिटून शंभर वेळा फिरवला. आजोबा सांगायचे, स्विच बघायचा नसतो, ऐकायचा असतो. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, तेव्हा मला तेच सोयीचं. शंभरात दोनदा अडखळला. म्हटलं, हा दे.

भिंगवाल्याने तो हातात धरून ठेवला. "आजी, याला शॉर्टिंगची चकती नाही. रिकाम्या कॉइली मोकळ्या राहतील. आजोबांना चालणार नाही."

"आजोबा ऐकायला येणार नाहीत."

"तो पांढरा होता ना त्यांचा, त्यात होती ती चकती."

"मला सांगतोस? दोन चकत्या, तिसरी मागे शॉर्टिंगची, दांडा दीड बोट ठेवून कापलेला, कापलेलं तोंड कानशीने घासलेलं."

तो म्हणाला, "एवढं बारीक लक्षात आहे!"

मी म्हटलं, "माझं डोकं शाबूत आहे," आणि निघाले. बदल्यात त्याला आपले दोन जादा व्हॉल्व्ह दिले. खूश झाला.

आजी


१९ तारीख, गुरुवार

खुडबुड्या,

सेट बोलला.

मंगळवारीच बोलायचा. पण आजोबांनी काढलेला नकाशा स्विच मागून बघितल्यासारखा आहे आणि मी तारा पुढून बघून लावल्या. उजवं ते डावं झालं. मिडियम लावावं तर शॉर्ट लागे. अठरा तारा काढल्या, अठरा परत लावल्या. बोटाला दोन चटके. एक हात पाठीमागे ठेवून काम केलं. आजोबांचा तो नियम तुला त्यांनी शिकवला तेव्हा मीच तुझा हात पदराने पाठीशी बांधला होता. चालू सेटमध्ये दोन्ही हात घालणारा माणूस एकदाच घालतो.

आज संध्याकाळी पहिला शॉर्ट लावला. व्हॉल्व्ह तापले, धूळ जळाल्याचा वास आला आणि भाषणं, गाणी, कुठल्या कुठल्या बाया हसताना असं सगळं यायला लागलं. तुझी आई टेबलाला धरून उभी. काटा सरकवत नेला. पन्नास, एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस. आवाजावर आवाज. सेहेचाळीसला आला आणि गप्प.

गप्प म्हणजे नुसतं स्टेशन नाही, असं नव्हे. खरखरसुद्धा नाही. कोणी तोंडावर हात दाबावा तसं. काटा पुढे नेला तर पंचेचाळीसला पुन्हा सगळं सुरू. मागे आणला तर पुन्हा खड्डा. पावणेसहा झाले, सहा झाले. खड्ड्यात काही नाही.

तुझ्या आईने तोपर्यंत लपवलेला पेपर बाहेर काढला. बेटांच्या बाजूला वादळ. मंगळवारपासून. दोन बोटी परत आलेल्या नाहीत. एका बेटावरचा मनोरा पडला, कुठल्या ते लिहिलेलं नाही.

"आई, तो रोज न चुकता बोलतो गं."

मी म्हटलं, "यंत्र आलं असेल लवकर. गप्प बस."

ती गप्प बसली नाही, पण मी बसले. सकाळचं बुलेटिन साडेसातला असतं. मी सहापासून सेट तापवत बसणार आहे.

आजी


२१ तारीख, शनिवार

खुडबुड्या,

काल सकाळी काही नाही. काल संध्याकाळी काही नाही. आज सकाळी काही नाही.

तुझ्या आईच्या हातून कप फुटला. मी रागावले, मग माझ्याही हातून फुटला. शेवटी तिला म्हटलं, हवामानाच्या कचेरीत जा आणि विचारून ये, दारात बस, हाकललं तरी उठू नकोस. ती गेली. मी घरी चार तास खिडकीत बसले. खिडकीतून समोरच्या जिन्याखेरीज काही दिसत नाही. त्या जिन्याला चोवीस पायऱ्या आहेत.

ती आली ती जिन्याखालूनच ओरडत आली, "आहे! आहे!" वर येऊन धापा टाकत बसली. पडलेला मनोरा शेजारच्या बेटाचा. तुझं केंद्र चालू आहे. वादळातही तू एकही बुलेटिन चुकवलेलं नाहीस. बोटवाले म्हणाले, आवाज घंटेसारखा आला.

म्हणजे तू होतास. सेहेचाळीसलाच होतास. खड्डा माझ्या टेबलावर होता.

संध्याकाळी भिंगवाल्याला बोलावलं. त्याने पाच मिनिटं कान लावला. "आजी, मिडियमची कॉइल खातेय."

मला माहीत होतं. कसं माहीत नसणार? चाळीस वर्षं ऐकलंय. ज्या पट्ट्याची कॉइल वापरात नाही ती मोकळी सोडायची नसते, स्विचनेच तिला जमिनीशी बांधायची असते. मोकळी राहिली की ती आपल्या आपण एका सुरावर घुमते आणि त्या जागचं स्टेशन गिळते. शॉर्टिंगची चकती असते ती त्यासाठी. कुठलं स्टेशन गिळेल हे मात्र आधी सांगता येत नाही. आमच्या कॉइलने नेमकं तुझं गिळलं. वेढे मीच मोजले होते.

भिंगवाल्याने खिशातून दोन चिमट्यांची तार काढली. एक चिमटा कॉइलला, एक चासीला, म्हणजे सेटच्या खालच्या पत्र्याला. आणि तू.

"...नैऋत्येकडून, जोर कमी होत आहे. लहान होड्यांनी खाडीबाहेर जाऊ नये. पुन्हा सांगतो, लहान होड्यांनी खाडीबाहेर जाऊ नये."

भिंगवाला खूश. म्हणाला, "झालं आजी! आता तीस तारखेपर्यंत या चिमट्याला धक्का लावू नका. पण तो पांढरा असता तर ही भानगडच नव्हती. गेला तरी कुठे तो? आजोबा माझ्यासमोर दांडा कापून घ्यायला लेथवाल्याकडे घेऊन गेले होते."

मी म्हटलं, "नातवाने नेला."

तू टेबलावर लाटांची उंची सांगत होतास. तुझा आवाज चालू होता आणि त्याच्यासमोर मी म्हटलं. तुझ्या आईने माझ्याकडे बघितलं. आकड्याच्या आधी तू घसा खाकरतोस. आजोबा खाकरायचे तसाच.

पुढचं उद्या लिहिते.


२२ तारीख, रविवार

स्विच माझ्याकडे आहे.

तू नेला नव्हतास. तू गेलास त्यानंतर आठव्या दिवशी मला सापडला. आजोबांचे कपडे वाटायला काढले, कोटाच्या आतल्या खिशात रुमालात गुंडाळलेला होता. दांडा नुकता कापलेला, चकचकीत. लेथवाल्याकडून आणला, खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवशी ते गेले. इतकंच. मी मात्र चासीतली रिकामी जागा बघितली, आणि तू नोकरीवर निघताना तुझ्या पिशवीतून नॉब पडला तो बघितला. तू म्हणालास, "आजोबांनी दिला, आजी. म्हणाले, सेट पुरा झाला की तू येऊन बसव." मी म्हटलं, नॉब दिला आणि स्विच काय चालत पिशवीत गेला? तुझी पिशवी जिन्यात उलटी केली. शेजारी दारं उघडून बघत होते. स्विच निघाला नाही, तर म्हटलं, विकला असशील. तू नॉब उचललास आणि गेलास. मला वाटलं होतं, फिरून बघशील.

तर तो मला सापडला आणि मी तो बटणांच्या डब्यात घातला. वर बटणं टाकली. तुझ्या आईला सांगितलं नाही. आधी वाटलं, तू आलास की सांगीन. तू आला नाहीस. मग वर्ष झालं, आणि वर्षाने काय सांगायचं? मग दोन झाली. मागच्या वर्षी तुमच्या केंद्रात फोन आला होता, "हॅलो" म्हटल्यावर कोणी बोललं नाही. तो मीच केला होता. तू तीनदा हॅलो म्हणालास.

आता तुला कळलं असेल, भिंगवाल्याच्या दुकानात मी काय निवडायला गेले होते. जगातला कुठलाही स्विच चालला असता मला, डब्यातला सोडून. तो सेटमध्ये बसला की तुझी आई विचारणार, हा कुठून आला? म्हणून मी ती तपकिरी बिस्किटं घेऊन आले.

आज सकाळी चिमटा लावून तुझं सगळं बुलेटिन ऐकलं. स्वच्छ आलं. नऊ दिवस असंच ऐकता येईल, भिंगवाल्याने सांगितलंय. मी डबा टेबलावर आणून ठेवला आणि सेट बंद केला. तुला चोर ठरवायचं आणि तुझी सुटका डब्यात बंद ठेवून वर तुझाच आवाज ऐकायचा, हे मला जमेना. मी बरीच वाईट आहे, पण एवढी नाही.

तपकिरी स्विच काढते. पांढरा घालते. अठरा तारा आहेत, आणि पांढऱ्याच्या पायांची रचना वेगळी आहे.


२५ तारीख, बुधवार

तुझ्या आईला सांगितलं.

ती भाजी चिरत होती. डबा तिच्यापुढे उपडा केला. बटणं घरभर गेली. स्विच तिच्या पायाशी थांबला. तिने तो उचलला, फिरवून बघितला. तिलासुद्धा तो खटका कळला.

"कधीपासून?"

"तो गेला तेव्हापासून."

"आई, मी सहा वर्षं त्याला पत्रात समजावतेय की आजीला माफी माग."

ती उठली, चप्पल घातली आणि गेली. भाजी तशीच. तेव्हापासून आलेली नाही. चांगलं झालं, मला एकटीला काम लवकर होतं.

होत नाही. दहा तारा झाल्या. डाव्या डोळ्याने भिंगातून बघते, अर्ध्या तासाने पाय दोनाचे चार दिसतात. काल दोन तारा चुकीच्या पायांना लावल्या, आज काढल्या. चिनी मातीला जास्त आच दिली तर तडा जातो. तडा गेला तर संपलं, असा दुसरा नाही. सेट उघडा पडलाय. तीन दिवस तुझं बुलेटिन ऐकलेलं नाही. भिंगवाला डोकावून गेला. म्हणाला, "चालता सेट का मोडलात हो? पाच दिवस उरलेत!" मी त्याला दार दाखवलं.

मग परत बोलावलं. नकाशा वाचून दाखव म्हटलं. हात लावू दिला नाही.


२९ तारीख, रविवार

सोळा झाल्या. सोल्डरचा थेंब दोन पायांच्या मधे पडला, तो काढण्यात दुपार गेली.

संध्याकाळी जिना वाजला. तुझी आई. समोर बसली, दिवा उचलला आणि माझ्या हातावर धरला. तासभर धरून होती. मी म्हटलं, "हात दुखेल." ती म्हणाली, "दुखू दे. तू तुझं काम कर."

सतरा.


३० तारीख, सोमवार

खुडबुड्या,

पाच वाजता अठरावी तार लावली. साडेपाचला सेट चालू केला. खांबासारखा मुका. तुझी आई घड्याळाकडे बघायची, माझ्याकडे बघायची. मी म्हटलं, "घड्याळाकडे बघून ते थांबत नाही."

अठरावीच होती. थंड पडल्यावर सुटली होती. सोल्डरिंगची कांडी तापायला दहा मिनिटं लागतात आणि आठच होती. मी दोरीवरचा कपड्यांचा लाकडी चिमटा आणला, डावा हात पाठीमागे घेतला आणि चालू सेटमध्ये उजवा घातला. तुझी आई किंचाळली. तार पायावर दाबून चिमटा बसवला. मग पक्कडीने दांडा पकडून फिरवला. खट. काय खटका आहे रे तो. मिडियमवरून पहिल्या शॉर्टवर.

काटा सरकवला. अठ्ठेचाळीस, सत्तेचाळीस. सेहेचाळीसला खरखर होती. खड्डा नव्हता. इतकी चांगली खरखर मी जन्मात ऐकली नव्हती.

पावणेसहाला तू आलास. वारा सांगितलास, घसा खाकरलास, लाटा सांगितल्यास. लहान होड्यांना बाहेर जायला हरकत नाही म्हणालास. मग म्हणालास, "बुलेटिन संपलं." यंत्राबद्दल एक शब्द नाही, निरोप नाही. बरं केलंस, मला ते आवडलं नसतं.

पण तू बटण लगेच बंद केलं नाहीस. मी मनात वेढे मोजतात तसे मोजले, एकतीसपर्यंत. त्यात काही नव्हतं, नुसता तू खोलीत बसलेला. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि गेलास.

उद्या बोट जाते. ही सगळी पत्रं तुझी आई पिशवीत टाकेल, पहिलीसुद्धा, त्यातल्या खोट्यासकट. मी काही खोडलेलं नाही. चूक माझी होती. जिन्यात सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून आज सकाळी जिन्यात उभी राहून चारही दारं वाजवली आणि स्विच माझ्याकडेच होता हे सगळ्यांना सांगितलं. दोघांना आठवतही नव्हतं. तरी सांगितलं.

सेट तयार आहे. अठराव्या तारेला पक्का सोल्डर मी मारलेला नाही, चिमटाच आहे. दांडा उघडा आहे. त्यावर बसणारा नॉब तुझ्याकडे आहे, आणि तो बसवायचं काम तुला दिलेलं आहे, मला नाही. तू पोस्टाने पाठवलास तर मी समजेन आणि गप्प बसेन. पण तोपर्यंत मी पक्कडीनेच फिरवणार, आणि पक्कडीने दांड्यावर ओरखडे पडतात. आजच दोन पडलेत.

काय ते लवकर ठरव.

आजी